ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा कुठला, आणि मतभेद कशावर चालतात?

पानवेल
दुसऱ्या एका धाग्यावर चर्चा भरकटली होती म्हणून हा वेगळा काढतोय. तिथे एका बाजूचं म्हणणं, सगळे ख्रिस्ती एकच मानतात, फक्त पद्धती वेगळ्या. दुसऱ्या बाजूचं, दोन चर्चचं कशातच पटत नाही. दोन्ही चूक.

गाभ्याचा सगळ्यात जुना लेखी नमुना बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, १५व्या अध्यायात सापडतो. मला जे मिळालं तेच मी तुम्हाला मुख्य गोष्ट म्हणून दिलं, असं सांगून तो मोजक्या गोष्टी देतो: ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) आणि मग बारा जणांना दिसला. पत्र साधारण इ. स. ५५च्या आसपासचं. म्हणजे हा मजकूर त्याच्याही आधीपासून तोंडी फिरत होता.

पुढे ३२५ साली निकेयाच्या परिषदेत आणि ३८१ साली कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेत विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली जाहीर कबुली, तयार झाला. आजही कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन हे सगळे तो उपासनेत म्हणतात. त्यात काय आहे हे बऱ्याच जणांना पाठ असतं. त्यात काय नाही ते पाहा. प्रभुभोजनात (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकरी आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीत) भाकरीचं नेमकं काय होतं ते नाही. पोप नाही. बिशप हवेतच असं नाही. ख्रिस्ताच्या मरणाने माणसाचं तारण (उद्धार) कसं घडलं याची उपपत्ती नाही. जगाच्या अंताचं वेळापत्रक नाही. बाप्तिस्मा एकच, एवढं आहे. तान्ह्या बाळाला द्यायचा की मोठेपणी, यावर अवाक्षर नाही.

गंमत म्हणजे निकेयाच्याच परिषदेने विश्वासांगीकाराबरोबर २० नियमही केले. त्यातला विसावा नियम असा, की रविवारी गुडघे टेकून प्रार्थना करायची नाही, उभं राहूनच करायची. आज पश्चिमेकडची किती चर्च तो पाळतात? परिषद तीच, बिशपही तेच. एक मजकूर १७०० वर्षं टिकला आणि दुसरा अर्ध्या ख्रिस्ती जगाने सोडून दिला, तरी कुणी कुणाला पाखंडी म्हटलं नाही.

प्रश्न असा: रेघ नक्की कुठे मारायची, आणि मारल्यावर प्रत्यक्षात काय अडतं?

उंडगा वाचक
यावर संत ऑगस्टीनचं वचन आहे ना, आवश्यक बाबींत ऐक्य, अनावश्यक बाबींत मोकळीक, सगळ्यांत प्रेम. विषय संपला.

तळटीप
ते ऑगस्टीनचं नाही. सतराव्या शतकातल्या जर्मनीत, तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत, रुपर्टस मेल्डेनियस या टोपणनावाने लिहिलेल्या पत्रकात ते येतं. आणि विषय तिथे संपत नाही, तिथूनच सुरू होतो. आवश्यक काय ते कोण ठरवणार?

विषयांच्या दोन याद्या करून (या यादीत त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव; त्या यादीत बाप्तिस्म्याची पद्धत) हे सुटत नाही असं माझं मत आहे. पौलाचंच वागणं पाहा. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये तो आपला सहकारी तीमथ्य याची सुंता करवतो, कारण त्या भागातल्या यहुद्यांमध्ये काम करायचं होतं. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तोच पौल तीत या दुसऱ्या सहकाऱ्याची सुंता करू द्यायला साफ नकार देतो. कृती तीच. एके ठिकाणी सोय म्हणून केली, दुसऱ्या ठिकाणी ती तारणाची अट म्हणून मागितली जात होती. अट झाली रे झाली, की दुय्यम गोष्ट गाभ्याला हात घालते.

त्याच अध्यायात अंत्युखियाचा प्रसंग आहे. पेत्र आधी विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख याकोब याच्याकडची यहुदी माणसं आली तसा तो पंगतीतून उठून वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर धरलं. पेत्राने कुठलंही चुकीचं मत मांडलं नव्हतं, तो फक्त जागेवरून उठला होता. पंगत म्हणजे काय ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको!

उलट रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात कोणी सगळं खातो, कोणी भाजीपालाच खातो, कोणी एखादा दिवस विशेष मानतो, आणि पौल म्हणतो की ज्याने त्याने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी. खाणं दोन्हीकडे आहे, निकाल मात्र उलट. म्हणून विषय कोणता हे विचारण्याआधी त्या विषयाचं तुम्ही काय करताय ते विचारावं.

शून्यमात्रा
मी बाहेरचा, पण वाचन आहे. निकेयाची परिषद सम्राट कॉन्स्टन्टाइनने बोलावली होती. मग गाभा म्हणजे राजाश्रय मिळालेल्या बाजूने लिहिलेली यादी, असं का म्हणू नये?

पानवेल
शंका रास्त आहे, पण पुढची ५० वर्षं पाहिली तर तसं म्हणता येत नाही. कॉन्स्टन्टाइनचा मुलगा कॉन्स्टँटियस निकेयाच्या विरोधातल्या बाजूचा होता. निकेयाची बाजू लढवणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनासियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. राजाश्रयाचं वारं बराच काळ उलट दिशेने होतं, तरी निकेयाची बाजू टिकली.

आणि वाद काही किरकोळ नव्हता. निकेयाने ज्याची शिकवण नाकारली त्या एरियसच्या मते पुत्र (ख्रिस्त) हा निर्माण केलेला, फार थोर पण निर्मितच. तसं असेल तर ख्रिस्ताची उपासना म्हणजे निर्मिलेल्याची पूजा ठरते. आजचे यहोवाचे साक्षीदार त्रैक्य नाकारतात, म्हणून बाकीची चर्च त्यांना 'दुसरा पंथ' न म्हणता रेघेपलीकडचे मानतात. ते बायबल मन लावून वाचतात, नीतीने वागतात, यावर वाद नाही.

नगरी
तात्त्विक बोलणं पुरे, प्रत्यक्षात हे कसं सोडवलं त्याचं उदाहरण आपल्या नागपूरचं आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झालं. सहा मंडळ्या एकत्र आल्या: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, म्हणजे प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल (नगरचं अमेरिकन मराठी मिशन याच धारेतलं), ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, चर्च ऑफ द ब्रदरेन, आणि डिसायपल्स ऑफ क्राइस्ट.

दक्षिणेत हा प्रयोग १९४७ सालीच झाला होता, पण त्यात बॅप्टिस्ट नव्हते. उत्तरेत ते होते आणि तिथेच खरी गोम होती. अँग्लिकन बाळाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट म्हणतात, ज्याला कळतं त्याने स्वतः विश्वास कबूल केल्यावरच आणि पूर्ण पाण्यात बुडवून. ब्रदरेन तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने तीनदा, पुढच्या बाजूला वाकवून बुडवतात.

त्रैक्य, देहधारण (देवाने ख्रिस्तात माणूस होणं), पुनरुत्थान यांवर या सहांत एक शब्दाचा वाद नव्हता. तरी वाटाघाटी चाळीस वर्षं चालल्या. कारण दुय्यम असली तरी ही गोष्ट करावी लागते. एकाच बाळाला बाप्तिस्मा द्यायचा आणि नाहीही द्यायचा, हे एका रविवारी जमत नाही.

तोडगा असा निघाला. दोन्ही वाटा अधिकृत. पहिली वाट: बाळाचा बाप्तिस्मा, समजत्या वयात जाहीर कबुली आणि दृढीकरण (बाप्तिस्म्याची पुष्टी करणारा विधी), मग प्रभुभोजनात पूर्ण सहभाग. दुसरी वाट: बाळाचं समर्पण आणि आभारप्रार्थना, समजत्या वयात जाहीर कबुली आणि बाप्तिस्मा, मग प्रभुभोजन. नीट पाहिलं तर दोन्ही वाटांत टप्पे जवळपास तेच, पाण्याची जागा तेवढी बदलते. ज्या पाळकाला बालबाप्तिस्मा पटत नाही त्याच्यावर सक्ती नाही. कुटुंबाला हवा असेल तर त्याने दुसऱ्या पाळकाला बोलवायचं.

उंडगा वाचक
मग ज्याचा लहानपणी झालाय तो मोठेपणी उठून म्हणाला, मला पुन्हा हवा, तर?

नगरी
बरोबर तिथेच शिवण उसवते. 'बाप्तिस्मा एकच' हे विश्वासांगीकारात आहे, म्हणजे पुन्हा देणं गाभ्याला धक्का लावतं. आणि बॅप्टिस्टाच्या मते पहिला झालाच नाही, त्यामुळे हा दुसरा नाहीच. दोघंही एकाच वाक्यावर बोट ठेवून उलट बोलतात. योजनेत यासाठी पक्का नियम न करता पाळकाने त्या माणसाशी बोलावं, न मिटल्यास बिशपांकडे न्यावं, अशी सोय ठेवली गेली. इंग्लंडमधल्या काही अँग्लिकनांना ही पळवाट वाटली. मला ती शहाणपणाची वाटते. नियम केला असता तर एक बाजू त्याच दिवशी बाहेर पडली असती.

दुसरी गाठ पाळकांच्या दीक्षेची. अँग्लिकनांना बिशपच्या हातून झालेली दीक्षा हवी, प्रेस्बिटेरियनांना आपली आधीची दीक्षा खोटी ठरलेली चालणार नव्हती. दक्षिणेत सगळ्यांची दीक्षा आहे तशी मान्य केली आणि यापुढच्या दीक्षा बिशपच्या हातून, असं ठरवलं. ३० वर्षांत आपोआप एकसारखं होईल असा हिशेब. आंध्रातल्या नंद्यालच्या काही अँग्लिकन मंडळ्या त्यामुळे बरीच वर्षं बाहेर राहिल्या. उत्तरेत स्थापनेच्या वेळीच सगळ्यांनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली. ही नवी दीक्षा होती की नव्हती, हे मुद्दाम उघडं ठेवलं.

एवढं करूनही अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी ऐन वेळी अंग काढून घेतलं. ती मंडळी १९८१ पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र आहे.

शून्यमात्रा
आणि मालमत्ता?

नगरी
ती तर खरी डोकेदुखी. गुजरातमधल्या ब्रदरेन मंडळीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ च्या निकालाचा मथितार्थ असा, की विलीन होण्याचा ठराव झाला म्हणून ट्रस्टची मिळकत आपोआप नव्या चर्चकडे जात नाही. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याप्रमाणे आणि सोसायटीच्या नियमांप्रमाणे रीतसर विसर्जन आणि हस्तांतर व्हावं लागतं. धर्मशास्त्राची गाठ सुटली, सातबाऱ्याची राहिली. कुठलीही मंडळी एकत्र येणार असेल तर आधी धर्मादाय आयुक्तांकडची नोंद पाहावी, विश्वासांगीकार नंतर!

वसईचा वारा
कॅथलिक बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून लिहितो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या ऐक्यविषयक आदेशात 'सत्यांची उतरंड' असा विचार आहे. सगळ्या शिकवणी पायाशी सारख्याच जवळ नसतात, हे त्यात मान्य केलं आहे. पण याचा अर्थ 'खालची पायरी ऐच्छिक' असा नव्हे, आणि इथे प्रोटेस्टंट मित्र हमखास घसरतात. पवित्र मरियेचं स्वर्गोन्नयन १९५० साली अधिकृत सिद्धांत म्हणून जाहीर झालं. ते निकेयाच्या विश्वासांगीकारात नाही. तरी कॅथलिकाला ते बंधनकारक आहे.

म्हणजे आमच्याकडे दोन वेगळे प्रश्न आहेत: ही शिकवण पायाच्या किती जवळ? आणि ती मानणं बंधनकारक आहे का? बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत हे दोन प्रश्न एकच होऊन जातात.

शिवाय श्रद्धा वेगळी आणि शिस्त वेगळी. रोमन विधीच्या फादरने लग्न न करणं ही शिस्त आहे. कॅथलिकांतल्याच काही पौर्वात्य चर्चमध्ये विवाहित पुरुषाला धर्मगुरू होता येतं. ती उद्या बदलू शकते, त्रैक्य बदलू शकत नाही.

तळटीप
वसईकर, ही फोड फार उपयोगी. त्याला जोडून एक इशारा: दुय्यम म्हणजे हलकं, असं समजू नका. १५२९च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या हेसचा शासक फिलिप याने मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि झ्विंग्ली या दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारकांना समोरासमोर बसवलं. राजकीय गरज होती, दोघांच्या मागची राज्यं एकत्र यायला हवी होती. १५ कलमं काढली. १४ कलमांवर एकमत. पंधरावं प्रभुभोजनाचं, आणि त्यातही दोन्ही घटक सगळ्यांना द्यावेत, हा विधी बलिदान नाही, यावर एकमत. अडलं ते शेवटच्या मुद्द्यावर: ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त भाकरीत आणि द्राक्षारसात खरोखर, शारीरिक रूपाने आहे का. ल्यूथरने 'हे माझे शरीर आहे' हे शब्द लॅटिनमध्ये खडूने टेबलावर लिहून ठेवले होते, ते सोडून तो हलेना.

तेवढ्यावर दोन चर्च वेगळी झाली. एकत्र प्रभुभोजनाला बसायला युरोपातल्या बहुतेक लुथरन आणि रिफॉर्म्ड (झ्विंग्लीच्या धारेतल्या) चर्चना १९७३ उजाडलं, बासेलजवळच्या लॉयेनबर्ग इथल्या कराराने. ४४४ वर्षं! आणि त्या करारातही जुना वाद कोण जिंकलं ते ठरवलं नाही. एकमेकांना पाखंडी ठरवणारे जुने शाप आजच्या समोरच्या चर्चला लागू पडत नाहीत, एवढंच म्हटलं. कॅथलिक आणि लुथरन यांनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या शिकवणीवरच्या संयुक्त निवेदनावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला सही केली, तीही याच पद्धतीने.

उंडगा वाचक
म्हणजे तीन कप्पे झाले. ख्रिस्ती म्हणवण्यासाठी लागतं ते. एका मंडळीत एकत्र नांदायला लागतं ते. आणि ज्याचं त्याने ठरवावं ते.

तळटीप
कामचलाऊ म्हणून ठीक. मधला कप्पा सगळ्यात भरलेला आणि सगळ्यात भांडणाचा. फक्त कप्प्यांना झाकणं पक्की नसतात हे लक्षात ठेवा. पेंटेकॉस्टल मंडळ्यांचं पाहा. बाप्तिस्मा देताना 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा' म्हणायचं की 'येशूच्या नावाने' म्हणायचं, हा वरवर पद्धतीचा वाद. पण १९१६ साली अमेरिकेत असेंब्लीज ऑफ गॉड याच्यावरच फुटलं, कारण 'येशूच्या नावाने'वाल्यांपैकी अनेकांनी त्रैक्यच नाकारलं होतं. मधल्या कप्प्यातला वाटणारा वाद पहिल्या कप्प्यातला निघाला. अन्य भाषांत (पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या भाषांत) बोलण्याचं उलट: बहुतेक वेळा तो मधल्या कप्प्यात असतो, पण 'जो बोलत नाही त्याचं तारणच झालं नाही' म्हटलं की तीताची सुंता झाली.

पानवेल
पुण्यातल्या स्पायसर या शिक्षणसंस्थेमुळे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मराठी लोकांना माहीत आहेत. ते शनिवार पाळतात, शाकाहारावर भर देतात, आणि त्रैक्य मानतात. तळटीप यांच्या कसोटीला घातलं तर?

तळटीप
दिवस म्हणून शनिवार पाळणं: रोमकरांस १४, बिनतक्रार. रविवार पाळणाऱ्याचं तारण त्यावर टांगलं, तर प्रश्न वेगळा होतो. त्यांचं अधिकृत म्हणणं कृपेने आणि विश्वासाने तारण असंच आहे. माझ्या मते ते रेघेच्या आत आहेत. इथे सगळे सहमत होणार नाहीत याची कल्पना आहे.

वसईचा वारा
मी तरी सहमत आहे.

नगरी
पंडिता रमाबाईंचा उल्लेख इतका वेळ कसा आला नाही? २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन सिस्टरांच्या मठात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात या धाग्यातला प्रत्येक कप्पा आहे.

रमाबाई शाकाहार सोडायला तयार नव्हत्या, अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा नको. सिस्टरना त्यात जातीचा अभिमान दिसला. क्रूसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नाहीत, हा त्यांचा दुसरा सवाल. आपल्या लोकांना लॅटिनमध्ये जास्त पावित्र्य दिसतं का, असा त्याचा रोख. या दोन्हीत माझ्या मते रमाबाईंची बाजू निखालस बरोबर होती. रोमकरांस १४ उघडून ठेवायचा आणि गप्प बसायचं.

पण १८८५च्या पत्रांत त्या त्रैक्य आणि ते तपशिलात मांडणारा अथनासियन विश्वासांगीकार यांवरही शंका घेतात. तो मुद्दा खराच पहिल्या कप्प्यातला. सिस्टरनी ताटातल्या गोष्टीवर आणि त्रैक्यावर एकाच सुरात कान धरला, त्यामुळे रमाबाईंना दोन्ही इंग्रजी अधिकाराच्याच गोष्टी वाटल्या. ज्याला शिकवायचं त्याच्यासमोर सगळंच गाभा म्हणून मांडलं की हे होतं. इंग्लंडातल्या पंथांचा गोंधळ पाहून त्या चक्रावल्या आणि त्यांनी बायबलकडे धाव घेतली. केडगावच्या मुक्ती मिशनला त्यांनी कुठल्याही एका पंथाची पाटी लावली नाही.

शून्यमात्रा
आणि कवी ना. वा. टिळक? 'देवाचा दरबार' मध्ये तर बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

नगरी
होती. टिळकांचा स्वतःचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत झाला. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त. बाप्तिस्मा निरर्थक आहे असं त्यांनी म्हटलं नाही. आपल्याकडे बाप्तिस्मा म्हणजे घर, जात, वारसा सगळं तोडून मिशनच्या आवारात राहायला जाणं झालं होतं, ते त्यांना खुपत होतं. १९१९ साली ते गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. त्यामुळे त्या पद्धतीची पूर्ण परीक्षा झालीच नाही.

उंडगा वाचक
शेवटचं, व्यवहाराचं. मुलगी वसईची कॅथलिक, मुलगा सीएनआयचा. लग्न कॅथलिक चर्चमध्ये. यातलं काय आड येईल?

वसईचा वारा
कप्पे कागदावर कसे उतरतात ते इथे दिसतं. १९८३च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेनुसार:

मुलगा बाप्तिस्मा झालेला पण दुसऱ्या चर्चचा असेल तर बिशपांची परवानगी लागते. बाप्तिस्माच झालेला नसेल तर अडथळा दूर करणारी सूट लागते, आणि ती नसेल तर लग्नच अवैध ठरतं. म्हणून पहिला कागद त्याच्या बाप्तिस्म्याचा दाखला. पाणी वापरलं का आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने दिला का, एवढंच पाहतात. सीएनआयचा दाखला असेल तर अडचण येत नाही, पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. त्याचा बालपणी झाला की मोठेपणी, बुडवून की पाणी ओतून, कोणी विचारत नाही. 'येशूच्या नावाने' दिलेला असेल तर मात्र गाडी अडते.

मुलीने लिहून द्यायचं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं म्हणून शक्य ते सगळं करीन. मुलाने सही करायची नसते, त्याला हे वेळेवर सांगितलेलं असलं पाहिजे. लोक इथे चुकतात. मुलाच्या घरी हे लग्नाच्या आठवड्यात कळतं आणि मग रडारड.

मिस्सामध्ये (प्रभुभोजनाच्या कॅथलिक उपासनेत) मुलाला ख्रिस्तप्रसाद सहसा मिळत नाही. म्हणून अशा लग्नात बहुतेक फादर मिस्सा न ठेवता फक्त वचनविधी आणि विवाहविधी सुचवतात, म्हणजे अर्धं वऱ्हाड उठून रांगेत आणि अर्धं बाकावर, असं होत नाही. धर्मग्रामाच्या फादरना निदान तीन महिने आधी भेटा, दाखले ताजे काढा. कॅथलिक बाजूचा बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला मागतात, कारण आधीचं लग्न झालं असेल तर त्याची नोंद त्याच वहीत असते.

उंडगा वाचक
दाखला सीएनआयच्या पाळकाकडूनच घ्यायचा ना, की बिशप कचेरीतून?

नगरी
ज्या चर्चच्या वहीत नोंद आहे तिथल्या पाळकाकडून, सही-शिक्क्यासह. १९७० आधीचा, म्हणजे आईवडिलांचा वगैरे लागला तर जुन्या मिशनच्या वह्या कुठे ठेवल्यात ते आधी विचारा. सगळ्याच मंडळ्यांत त्या जागेवर नसतात.